बिनऔषधाचं हृदय

बिनऔषधाचं हृदय पुन्हा धडधडायला लागलं आणि तिनं वहीत आणखी एक फुली मारली.

उंदराचं हृदय ते, लहानशा बोराएवढं. काचेच्या नळीला टांगलेलं, आत कोमट खारं पाणी खेळवलेलं. अर्धा तास पाणी बंद ठेवायचं, मग एकदम सोडायचं. उपाशी ठेवलं की हृदय कळवळतंच, पण खरी मोडतोड होते ती पाणी परत आल्यावर. भुकेलेला माणूस ताटावर तुटून पडतो आणि मग पोट धरून बसतो, त्यातलीच गत. ही मोडतोड थांबवणारं औषध तिनं शोधलं होतं. उमेदीची वर्षं त्यात घातली होती. औषध दिलेली हृदयं तरायची, न दिलेली आचके देऊन थांबायची. तेच तर जगाला दाखवायचं होतं. आणि आता न दिलेलीही ठणठणीत. सगळीच पोरं पास होणार असतील तर शिकवणीला विचारतो कोण?

हे सगळं तिचा धाकटा दीर प्रयोगशाळेत आल्यापासूनचं. जुने मदतनीस काका निवृत्त झाले, सासूबाईंनी गळ घातली आणि तिनं त्याला इथे चिकटवून दिलं. याआधी जिथे जिथे लागला तिथून नारळ घेऊनच परतलेला. इथूनही काढलं तर याला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे तिला मॅडम म्हणायचे. हा मात्र चारचौघांत खुशाल ‘वहिनी’ म्हणून हाक मारायचा आणि ती ओठ आवळून घ्यायची.

हाच काहीतरी करतोय, याची तिला खात्रीच पटली. वहिनीला खूश करायला सगळ्याच उंदरांना औषध टोचत असेल. नाहीतर शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी चहा पाजून फितवला असेल. काम करताना तो शीळ घालायचा, तीसुद्धा तिला सरळ वाटेना.

"अगं, तो बावळट आहे, लबाड नाही," नवरा म्हणाला.

"तुमचा भाऊ. तुम्ही तसंच म्हणणार."

तिनं औषधाची बाटली कपाटात कोंडली. किल्ली पर्समध्ये, पर्स खांद्याला. वर बाटलीवर पेनानं बारीक खूणही केली. तिनं स्वतः काढलं त्यापलीकडे औषध थेंबभर कमी झालं नाही आणि हृदयं काही बिघडली नाहीत. दुसरं कोणी असतं तर तिथेच शहाणं झालं असतं. हिनं ठरवून टाकलं, म्हणजे हा बाहेरून आणतो. संशयाचं हे असंच असतं. पुरावा मिळाला तर वाढतो, नाही मिळाला तर दुपटीनं वाढतो.

आज सकाळीच ती विभागप्रमुख साहेबांच्या खोलीत जाऊन, बिनऔषधाच्या उंदरांना दीरच चोरून औषध देतो, असं सांगून आली होती.

आणि आता हे समोरचं हृदय मजेत धडधडत होतं. दीर मागे उभा राहून काचेची बरणी पुसत होता. तिला राहवलं नाही.

"भाऊजी, खरं सांगा. त्यांना काय देता तुम्ही?"

"मी काय देणार, वहिनी? बरणीत ठेवतो, भुलीचा गॅस सोडतो, झोपले की तुमच्या हातात. तुम्ही शिकवलंत तेवढंच."

"गॅस कशाला? काका तर भुलीची सुई द्यायचे."

"द्यायचे ना. मीपण पहिल्या दिवशी सुईच उचलली होती. तुम्ही हातातून काढून घेतलीत." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "म्हणालात, तुमच्या हाताचा भरवसा नाही, गॅसवरच भागवा."

तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या हातातल्या बरणीकडे पाहत बसली.

भुलीचा गॅस नुसता झोपवत नाही. आधी तो हुंगलेला असेल तर हृदय पुढचा उपास आणि त्यानंतरचा लोंढा, दोन्ही जास्त नेटानं सोसतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी वर्गात शिकवायची, परीक्षेत विचारायची, चुकलं की मार्क कापायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. या बरणीतून गेलेला एकूण एक उंदीर नळीपाशी येण्याआधीच संरक्षण घेऊन येत होता. बिनऔषधाचं म्हणावं असं हृदय त्या खोलीत कित्येक महिने आलंच नव्हतं. शरमेनं तिला मान वर करवेना.

तेवढ्यात दार ढकलून साहेब आत आले.

"मॅडम, सकाळी म्हणालात ते पक्कं ना? मग यांना आजपासूनच थांबवतो."

दिरानं साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. इतक्या ठिकाणांहून बाहेर पडलेल्या माणसाला असली वाक्यं अर्ध्यातच कळतात. त्यानं बरणी जपून टेबलावर ठेवली आणि तो कोपऱ्यातली आपली पिशवी उचलायला वळला.

"थांबा, भाऊजी," ती म्हणाली. मग उठून साहेबांसमोर उभी राहिली. "सर, बिनऔषधाच्या उंदरांना रोज औषध मिळत होतं, हे खरं आहे. देत होते मी."