प्रांतसाहेबांच्या शेजारचं पान

मीठ

परशुराम आगाशे मांडवात सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. प्रांतसाहेबांचं पान कुठलं, हे त्याने वाढप्याला विचारून घेतलं आणि त्याच्या डावीकडचा पाट धरला. सगळ्या जातींनी एका पंगतीत जेवायचं, असं हे रत्नागिरीतलं सहभोजन. घरी आईला मात्र त्याने सांगितलं होतं, कचेरीच्या कामाला देवरूखला जातो म्हणून.

कचेरीतले अव्वल कारकून दिवाळीला पेन्शनीत निघणार होते, आणि त्यांच्या जागेवर परशुरामचा डोळा होता. साहेब नवे, सुधारक मताचे. साहेब मांडवीच्या वाळूवर फिरायला येत, त्याच वेळेला परशुरामही महिनाभर तिथे फिरत होता. नमस्काराच्या पुढे गाडी सरकली नव्हती. आज सरकवायचीच.

पानाच्या कडेला मीठ पडलं, आणि परशुरामच्या डावीकडच्या पाटावर कुणीतरी येऊन बसलं.

“परशुराम! अरे, तू?”

सदू. दोघे एकाच शाळेत होते. परशुराम वर्गात, सदू दाराबाहेर ओटीवर. आता सदू स्वतःच मास्तर झाला होता. इस्त्रीचा कोट घालून आला होता.

“तू यायचा नाहीस म्हणून पैज लावणार होतो मी,” सदू म्हणाला. “नाही लावली ते बरं झालं. कोट गेला असता.”

तो हसला. परशुराम मांडवाच्या दाराकडे बघत होता.

वरणभात

साहेब आले, बसले. डावीकडे वळून पाहिलं.

“तुम्ही आमच्या कचेरीतले की! मांडवीला दिसता.”

“होय साहेब.”

“कचेरीतनं एकटेच आलात. बरं वाटलं. आणि हे कोण?”

“सदू मास्तर. माझा बालमित्र.”

एवढ्यावर थांबला असता तर! पण साहेब कौतुकाने पाहत होते, आणि असे पाहणारे साहेब पुन्हा कधी भेटायचे?

“आमच्याकडे जाणं-येणं आहे त्याचं,” परशुराम म्हणाला. “लहानपणापासून खातो-पितो आमच्या घरी.”

भात कालवणारा सदूचा हात थांबला.

“खरं की काय, मास्तर?” साहेबांनी पुढे वाकून विचारलं.

सदूने परशुरामकडे पाहिलं.

“खरं आहे, साहेब.”

परशुरामचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच, कुठूनसं, मनात आलं, हा नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

“वा! मग यांच्याकडचं काय आवडतं तुम्हांला?”

“ताक,” सदू म्हणाला. “यांच्या आई, यमुनाबाई, स्वतः वाढायच्या.”

साहेब खूश झाले. पलीकडच्या वकिलांना सांगू लागले, “हे आमचे आगाशे बघा. असली माणसं वर यायला हवीत.”

ताक

सगळं मनासारखं झालं होतं. घास मात्र तोंडात फिरत राहिला.

परसात, गोठ्याच्या कडेला, पोरगेला सदू उकिडवा बसलेला. आई हातभर उंचावरून त्याच्या ओंजळीत धार सोडायची. तो गेला की जिथे सांडलं असेल तिथे शेणाचा हात फिरवायची. परशुराम पायरीवर बसून पेल्याने प्यायचा आणि बघायचा. बघण्यासारखं त्यात काही आहे, असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

“सदू,” तो हळूच म्हणाला, “तू कशाला...”

“जेव,” सदू म्हणाला. “गार होतंय.”

वाढपी ताक घेऊन आला. साहेबांचा द्रोण भरला. परशुरामचा भरला. सदूने आपला द्रोण उचलून बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

वाढपी गोंधळला. “द्रोण आहे की, मास्तर.”

“असू दे,” सदू म्हणाला. “तू वरून धार धर.”