वहीतली तीनशे माणसं

सायकलींसाठी माणसं दारात रांगा लावत होती, तेव्हा दुकानदाराच्या वहीत तीनशे जणांनी नंबर लावले. त्याने तीनशे सायकली मागवल्या. त्या आल्या दीड वर्षाने. दुकान भरलं, घर भरलं. आंघोळ करायची तरी आधी न्हाणीघरातून चार सायकली बाहेर काढाव्या लागत. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा, ती बिचारी भाजीसुद्धा कॅरिअरवर बसून चिरायची.

माल हलला नाही तर दुकानाला टाळं, हे ठरलेलंच होतं. वही उघडून तो एकेकाला फोन लावत बसला.

"काका, मी पाच दुकानांत नंबर लावला होता. जिथे आधी मिळाली तिथून घेतली."

"अहो, तुमची वाट बघता बघता मला चालायची सवय लागली!"

तीनशे फोन झाले, कानाला घट्टा पडला, सायकल एकही हलली नाही.

शेवटी थकून तो चौकापलीकडच्या सायकलवाल्याकडे गेला. जन्मात त्याची पायरी चढला नव्हता. "शंभरेक सायकली घेतोस का रे?"

"मीच तुझ्याकडे निघालो होतो," तो म्हणाला. "माझ्या वहीतही तीच माणसं निघाली. अख्ख्या वर्षात एक सायकल खपली, तीही परवा."

"कोणी घेतली?"

"वहिनींनी. म्हणाल्या, घरात तीनशे आहेत, पण एकीवरही टांग टाकली की हे ओरडतात, गिऱ्हाइकांच्या आहेत म्हणून."