शेवटचा नंबर

एके काळी मी विद्यापीठासाठी आठशे मीटर धावायचे. उलव्याच्या कॉलेजात क्रीडा संचालक झाले तीही मैदानाच्या ओढीनेच. आता ते मैदान तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसतं. दिवसभर मी फॉर्म आणि अहवाल लिहीत बसते आणि टेबलाखाली पाय नुसते हलत राहतात. रिलेच्या मुली रोज दारात येऊन विचारतात, "मॅडम, मैदानावर सराव कधी?"

"परवानगी आली की लगेच," मी म्हणते.

त्यात डिसेंबरात प्राचार्यांनी फर्मान काढलं, "स्टाफ फार बसून असतो, चालण्याची स्पर्धा घ्या." महिनाभर सगळ्यांच्या मोबाइलवर पावलं मोजली. निकालही मलाच टाइप करावा लागला. पहिले आमचे शिपाई अंकुशदादा, शेवटची मी.

बक्षीस देताना मी जरा चिडूनच विचारलं, "एवढं चालता तरी कुठे हो?"

"तुमच्याच फायली घेऊन, मॅडम. खाली सहीला, शेरा पडला की परत वर."



बक्षीस काखेला मारत अंकुशदादा पुढे म्हणाले, "मुलींच्या सरावाची फाइल तर जूनपासून पळतेय."