फुल्या काढलेली बाकं

लॉकडाऊन उठल्यावर महेंद्रने खोपटातलं आपलं मिसळीचं हॉटेल पुन्हा उघडलं. अंतर राखायला एकाआड एक बाकावर चिकटवलेल्या लाल फुल्या त्याने स्वतः खरवडून काढल्या.

तरी त्या बाकांवर कुणी बसेना. लोक दारातूनच परत फिरायचे. असंच चाललं तर हॉटेलला कायमचं कुलूप लागणार होतं. समोरच्या हॉटेलवाल्यानेच काहीतरी पसरवलंय, असा त्याला दाट संशय होता.

आज त्याने एका जुन्या गिऱ्हाइकाला दारातच अडवलं. "काका, जागा आहे की. बसा ना."

"कुठे बसू रे? आधीच सगळे खेटून बसलेत," काका हसले. "जोरात चाललंय तुझं."

महेंद्र चिडून रिकाम्या बाकावर जाऊन बसला.

गल्ल्यावरून त्याची बायको रचना हळूच म्हणाली, "अहो, उठा. त्यांचं खाऊन तरी होऊ दे."