डागाची जागा

आपल्याच निरोपसमारंभात सरांनी हळूच विद्यार्थिनीच्या हातात मलमलीचं फडकं ठेवलं. “दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची काच परवाच लख्ख पुसली. तो डाग छळायचा ना तुला?” डागाआड धूमकेतू अंधुक दिसे, म्हणून संगणक तेवढी जागा उजळून भरपाई करायचा. काल तेज मोजतानाही ती भरपाई करून तिने सरांच्या नावानिशी जगाला कळवलं, ‘धूमकेतू भडकला, धूळ उधळतोय!’ पण डाग आता नव्हताच; धूमकेतू भडकवला होता तिनेच. व्यासपीठावर वेधशाळेचे संचालक सांगत होते, “सहा वर्षांनी परतलेल्या पाहुण्याने सरांना धुळीची सलामी दिली!” टाळ्या कडाडल्या. आता सांगावं तर सरांचा आनंद धुळीला मिळेल, न सांगावं तर त्यांचं नाव. “सर, एक...” “नंतर गं.” माइकसमोर ते संकोचले. “मी काय केलं हो? नुसती काच पुसली!” सगळे हसले. मुठीत फडकं आवळत तीही हसली.