आई कधी हसली नाही

"आईची बॅग धाकट्याच्या गाडीत ठेव," थोरली नवऱ्याला म्हणाली, आणि सरळ लावलेल्या खुर्च्या पुन्हा सरळ करू लागली.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. सगळ्यांना त्यांच्या दुकानातच बोलावलं होतं. भिंतीवर चष्म्यांच्या फ्रेमा, मध्ये तीस खुर्च्या आणि माणसं साठेक. भाषणं नकोत, चष्मेवाल्या काकांचा ज्याने त्याने एकेक किस्सा सांगायचा, एवढंच ठरलं होतं.

"ताई, बस की जरा," धाकटा म्हणाला.

"पाणी कमी पडेल."

"तीनदा भरलंस."

पण बसायचं म्हणजे आईशेजारीच बसायला हवं होतं. पहिल्या रांगेत तेवढी एकच खुर्ची रिकामी होती. आई मांडीवर हात ठेवून बसली होती. चेहरा नेहमीसारखाच, बँकेत आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत असल्यासारखा.

बसचा ड्रायव्हर उठला. "मी काकांना म्हटलं, लांबचं धूसर दिसतंय. काका मटकन खाली बसले. म्हणाले, 'अरे, मग आधी नाही सांगायचं? मी रोज तुझ्याच बसने येतो!'"

दुकान हसलं. आईचे ओठ किंचित हलले, पण हसण्यासाठी नाही. ती पुटपुटत होती. बाबा विनोद सांगायला लागले की ती अशीच पुटपुटायची. वैतागून, असं थोरलीला लहानपणापासून वाटायचं.

घरात पाहुणे असोत, लग्नघर असो, बाबा बोलायला लागले की माणसं पोट धरायची. आणि दर वेळी, सगळे हसत असताना, बाबा हळूच आईकडे बघायचे. परीक्षेचा पेपर दिलेल्या पोरासारखे. आईने नुसती मान हलवली तरी दिवसभर खुशीत असायचे. नाही हलवली, तर पार उतरून जायचे. दुकानात तर ती कधी येतच नसे. संध्याकाळी बाबा उत्साहाने सांगत बसायचे, उद्या कोण कोण चष्मा न्यायला येणार, कोण काय करतो, कुणाच्या घरी काय चाललंय. आई मटार सोलत राहायची. वर बघायचीसुद्धा नाही.

असल्या कोरड्या बाईबरोबर या माणसाने बेचाळीस वर्षं काढली कशी, हे थोरलीला कोडंच होतं. म्हणून बाबा गेल्यावर तिने धाकट्याला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "आईला तू ने. माझ्याकडे नको. माझ्या तोंडून काहीतरी जाईल."

आता धाकट्याची मुलगी उभी राहिली. बारा वर्षांची, आजोबांची लाडकी. "आजोबांनी नंबर काढायच्या तक्त्यावर अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात छापून घेतलं होतं, 'हे वाचता येत असेल तर इथे काय करताय? घरी जा.' आमच्या गणिताच्या सरांनी ते वाचलं आणि खरंच घरी गेले!"

खुर्च्या करकरल्या. धाकटा डोळे पुसत हसत होता. हसत नव्हती ती फक्त आई.

थोरलीला राहवेना. ती जाऊन आईशेजारी बसली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "एकदा तरी हसायचं होतंस गं. तो माणूस जन्मभर तुझ्या तोंडाकडे बघत राहिला."

"बघायचे खरे."

"मग?"

"मग काय? हसले असते तर त्यांना वाटलं असतं, जमलं आता."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "राहा मग धाकट्याकडे. सुखाने राहा."

"बरं," आई म्हणाली.

थोरली उठणार, तोच मागून म्हातारे पोस्टमन पुढे आले आणि तिला पुन्हा बसावं लागलं.

"माझा पहिला चष्मा काकांनीच दिला," ते म्हणाले. "डोळ्यांवर चढवला, विचारलं, दिसतंय का नीट? म्हटलं, एकदम स्वच्छ. तर मोठा उसासा टाकून म्हणाले, 'म्हणजे आता शेजाऱ्यांची पत्रं आमच्या घरी यायची बंद होणार!'"

लोक हसले. बेताचंच.

"एवढंच म्हणाले?" आईने विचारलं.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पोस्टमन गोंधळले. "हो, एवढंच."

"पुढचं नाही?"

"पुढचं काय, वहिनी?"

आईने पदर सारखा केला. "उसासा आधी नव्हता टाकायचा. आधी नुसतं म्हणायचं, 'म्हणजे आता शेजाऱ्यांची पत्रं आमच्या घरी यायची बंद.'" ती थांबली. मग तिने असा काही उसासा टाकला, की पोस्टमनचे खांदेही खाली आले. "'मग त्यांच्या मुलीचं कुठे जमलं, ते आम्हाला कळायचं कसं हो?'"

असं हसू त्या दुकानात बाबा असतानाही क्वचितच फुटलं असेल. पोस्टमन टेबलाला धरून हसत होते. थोरलीही हसली, आणि हसता हसताच थबकली.

"आई, हे तुला कसं माहीत? तू तर इथे नव्हतीस. बाबांनी घरी येऊन सांगितलं होतं?"

"घरी येऊन कसलं," आई म्हणाली. "सकाळी निघताना तीनदा म्हणून घेतलं होतं मी त्यांच्याकडून."