नराच्या ओळी

तानुबाईच्या ज्वारीवर विळा पडला तेव्हा कणसं नुकतीच पोटरीबाहेर आली होती. फुलायला दोन दिवस होते. कापत होता कचरू, तिचाच चुलत दीर, भगवानराव पाटलांचा सालदार. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं.

"पाटील, वावर माह्यं हाये," ती आडवी आली.

"वावर तुह्यं असन. पण शेजारी माह्या हायब्रीडचा बीज प्लॉट हाये," भगवानराव म्हणाले. "तुह्या गावरानीचं फूल उडून त्यात पडलं का कंपनीचा साहेब माह्यं बियाणं नापास करते. हे कापाच लागन."

"पायलीभर दाणे वरवट बकालहून मागून आणले. आपल्या उंद्रीत कोनापाशी उरले नाहीत. पोरगी दुखण्यातून उठली तशी हायब्रीडची भाकर थुकून देते. हे कापलं त मी बी कुठून आणू?"

"आण कुठूनबी."

तिनं कचरूचा विळ्याचा हात धरला. भगवानरावांनी काठी हाणली. पहिली मनगटावर, दुसरी पाठीत, तिसरी कुठं बसली ते तिला कळलंच नाही. ती तिथंच दोन ओळींमधल्या तासात पडली. कचरूनं तिच्या भोवतीनं कापलं, पाय तेवढे बाजूला सरकवले. मेल्याला लाज नाही वाटली. दहा गुंठे घटकाभरात सपाट झाले आणि दोघं झाडाखाली भाकरी सोडायला गेले.

तानुबाई उठली. उजवा हात लोंबत होता. कचरूनं टाकलेला विळा डाव्या हातात घेऊन ती बांध ओलांडून भगवानरावांच्या प्लॉटात शिरली. पेरणीला ती तिथं मजुरीनं होती. दोन ओळी नराच्या, चार मादीच्या. नराच्या फुलातला पराग मादीवर झडला तरच तिच्यात दाणा भरतो, हे साहेबानं बायकांना बांधावर उभं करून दोनदा सांगितलं होतं.

ती नराच्या ओळी कापत सुटली.

ओरड झाली तोवर आठ ओळी आडव्या होत्या. भगवानराव काठी घेऊन धावले, मागून कचरू.

"थांब व वहिनी, जीवानं जाशीन," कचरू म्हणाला.

"मादीले हात नाही लावला," ती म्हणाली. "माह्यं बियाणं नाही राह्यलं, आता कोनाचंच नाही राह्यत."

काठी डोक्यात बसली. रक्त डोळ्यात उतरलं. तिनं तो डोळा मिटला आणि दुसऱ्यानं नराची पुढची ओळ शोधली.